रॉयल आयसिंगला फ्रिजबाहेर पाणी का सुटतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडला राहून घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका ताईंनी जुलैत बारशाचा केक केला. आत व्हॅनिला स्पंज आणि व्हिप क्रीम, वरून पांढरं फाँडंट (साखरेचा लाटून पसरायचा मऊ थर), त्यावर रॉयल आयसिंगची गुलाबी फुलं आणि लाल अक्षरांत बाळाचं नाव. शुक्रवारी रात्री फ्रिजमध्ये ठेवला, रविवारी सकाळी काढला, तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. हॉलवर पोचेपर्यंत नावाचा लाल रंग ओघळला आणि फुलांनी माना टाकल्या. आता सप्टेंबरात वाशीला साखरपुड्याचा दोन मजली केक आहे, तोही बिनअंड्याचा. त्यांचं विचारणं एवढंच, की रॉयल आयसिंगचा केक फ्रिजमध्ये ठेवायचा की नाही, आणि ठेवायचा तर कसा.

ताई, आधी एक गोष्ट बाजूला करते. वाळलेल्या रॉयल आयसिंगला स्वतःला फ्रिजची गरज नसते. ती आयसिंग शुगर आणि अंड्याचा पांढरा बलक, किंवा हल्ली बहुतेक जणी वापरतात ती मेरिंग पावडर, म्हणजे त्याच पांढऱ्या बलकाची वाळवलेली पूड. एकदा खडखडीत वाळली की तिच्यात जंतू वाढतील इतकं पाणीच उरत नाही. नीट वाळवलेली फुलं डब्यात बटर पेपरच्या थरांमध्ये महिनोन्‌महिने राहतात. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या लग्नाच्या केकचा तुकडा २०१६ मध्ये लिलावात विकला गेला. तो खाण्याजोगा होता असं मी म्हणत नाही, पण सुकामेव्याचा केक आणि साखर ही जोडी किती चिवट असते ते यावरून कळतं.

फ्रिज लागतो तो आयसिंगच्या खाली जे काही असतं त्याला. तुमच्या केकमध्ये व्हिप क्रीम होतं, म्हणून तो फ्रिजमध्ये जाणं भागच होतं. क्रीमला गारवा हवा आणि रॉयल आयसिंगला कोरडेपणा. फ्रिज गारवा देतो, पण केक बाहेर काढल्याक्षणी तो कोरडेपणा हिरावून घेतो. तुम्ही ठेवण्यात काही चुकलात असं मला वाटत नाही. हे दोन पदार्थ ठाण्याच्या जुलैत एका केकवर आले, तिथेच गणित बिघडलं.

कसं ते आकड्यांत सांगते, कारण हे आकडे कळले की पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील. पावसाळ्यात आपल्याकडे हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असते तेव्हा तिचा दवबिंदू साधारण २५ अंश असतो. म्हणजे २५ अंशांपेक्षा गार कुठलीही वस्तू त्या हवेत आणली की तिच्यावर पाणी धरणार. फ्रिजमधला केक ४ अंशांवर असतो. गार पाण्याच्या बाटलीला बाहेरून थेंब धरतात तेच इथे होतं, फक्त बाटली काचेची असते आणि आयसिंग साखरेची. साखरेचा स्वतःचा एक उंबरठा आहे: आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की ती हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागते. त्यामुळे खाडीकाठच्या आपल्या गावांत जुलै-ऑगस्टमध्ये रॉयल आयसिंग फ्रिजशिवायही मऊ पडू शकते, आणि थेंब धरले तर ती गेलीच. आयसिंगमध्ये लिक्विड ग्लुकोज किंवा ग्लिसरीन घातलं असेल तर ती आणखी लवकर पाणी ओढते. लग्नाच्या केकवरचं आयसिंग सुरीने नीट कापलं जावं म्हणून अर्धा किलो साखरेला चमचाभर ग्लिसरीन घालायची जुनी पद्धत आहे, आणि ती केकवर पसरायच्या थरासाठी ठीक आहे. फुलं, जाळी, अक्षरं यांत मात्र एक थेंबही घालू नका.

म्हणूनच फ्रिजमध्ये सगळं ठीक दिसतं आणि नंतर फसगत होते. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये पंख्याने गार हवा फिरते, ती बऱ्यापैकी कोरडी असते आणि आत आयसिंग टणकच राहते. जुन्या एका दाराच्या डायरेक्ट-कूल फ्रिजचं तसं नाही. त्याच्या मागच्या भिंतीवर दव धरतं, वरच्या बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमधून कधी थेंब पडतो, आणि घरातल्यांनी पाण्याच्या बाटलीसाठी दर दहा मिनिटांनी दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते. केक ठेवायचाच असेल तर फ्रॉस्ट-फ्रीमध्ये, मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून लांब. त्याच दिवशी गरम वरणाचं पातेलं आणि चिरलेला कांदा त्यात जाणार नाही हे घरात बजावून ठेवा. बोंबील-सुकटीचा डबा असेल तर तो शेजारी पाठवा. साखरेला नाही, पण क्रीमला आणि स्पंजला वास फार पटकन लागतो.

आता बांधणी. माझ्या मते सगळं यश-अपयश इथे ठरतं. केक पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात नको. पुठ्ठा थोडा ओलावा स्वतः शोषून घेतो. मग ते पूर्ण खोकं, तळासकट, क्लिंग फिल्मने दोनदा गुंडाळा. खोक्याला पारदर्शक खिडकी असेल तर तिच्या कडा आधी टेपने बंद करा. आत कोपऱ्यात सिलिका जेलच्या खाद्यपदार्थांसाठीच्या पुड्या टेपने चिकटवल्या तर उत्तम, पण केकला लागतील अशा नकोत. पुड्या किती घातल्या ते लिहून ठेवा आणि खोकं ज्याच्या हातात द्याल त्याला सांगा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. कपाटात ठेवायचे ते पाणी साठवणारे ओलावाशोषक डबे खोक्यात ठेवू नका, ते कलंडले तर केक संपला.

बाहेर काढल्यावर खोकं उघडायचं नाही. फिल्मही काढायची नाही. आतला केक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तसंच राहू द्यायचं. थेंब धरतील ते फिल्मच्या बाहेरच्या बाजूला, ते फडक्याने टिपून घ्या. किलोभराच्या केकला यासाठी दोन-तीन तास जातात, दोन मजल्यांना चार-पाच. ग्राहक घाईत असतो, त्याला बघायचं असतं, फोटो काढायचा असतो. त्याला खिडकीतून बघू दे. तुम्ही शुक्रवारी केलेला केक रविवारी फ्रिजमधून काढून लगेच उघडला असणार, किंवा हॉलवर कोणीतरी उघडला असणार. लाल रंग तिथे ओघळला.

पण इथेच एक मोठा अडसर आहे, आणि बऱ्याच जणी तो विसरतात. क्रीमचा केक फ्रिजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एकच तास. म्हणजे खोकं न उघडता चार तास थांबण्याची पद्धत क्रीमच्या केकला लागूच होत नाही. काही जणी म्हणतात, नॉन-डेअरी व्हिप टॉपिंगला काही होत नाही. फेटल्यावर त्यालाही फ्रिजच लागतो, पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचा. तेव्हा रॉयल आयसिंगचं काम करायचं असेल तर आतलं सारण बदला. व्हिप क्रीमवर थेट लावलेली रॉयल आयसिंगची फुलं तर फ्रिज असो वा नसो, क्रीममधलंच पाणी ओढून काही तासांत लगदा होतात. गिऱ्हाईक अडूनच बसलं तर फुलं वेगळ्या डबीत द्या आणि केक कापायच्या आधी लावायला सांगा. फुलाच्या पाठीला वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा हात फिरवून ते वाळू दिलं तर थोडा वेळ जास्त मिळतो. चॉकलेटमधला स्निग्धांश पाणी अडवतो.

माझा भरवसा गनाशवर आहे. डार्क चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग, वजनाने. पांढरं चॉकलेट असेल तर तीनास एक. आपल्याकडे सहज मिळणारं अमूलचं २५ टक्के फॅटचं क्रीम चालतं. असं गनाश आत आणि बाहेर लावलेला केक एसीच्या खोलीत दोन दिवस फ्रिजशिवाय राहतो. मग फ्रिजचा प्रश्नच उरत नाही आणि स्पंजही वाचतो. फ्रिजच्या तापमानाला पिठातला स्टार्च सर्वांत लवकर शिळा पडतो, म्हणून विनाकारण फ्रिजमध्ये ठेवलेला साधा केक दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो. तेलाचा स्पंज बटरच्या स्पंजपेक्षा मऊ राहतो, हेही लक्षात ठेवण्याजोगं. ताजी फळं, कस्टर्ड, मलई, रसमलई असलं काही आत आलं की मात्र फ्रिज आलाच. रसमलई केकवर रॉयल आयसिंगची नक्षी मागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. ठाण्यात गेल्या काही वर्षांत रसमलई केकची इतकी लाट आली आहे की हा नकार वारंवार द्यावा लागतो.

एसीच्या खोलीबद्दल एक सावधगिरी. केक चांगला राहावा म्हणून एसी १८ वर लावून ठेवणाऱ्या जणी मी पाहिल्यात. तिथून तो केक बिनएसी हॉलमध्ये किंवा लॉनवर नेला की पुन्हा तेच. बाहेरचा दवबिंदू २५ आहे आणि केक १८ अंशांवर, म्हणजे फ्रिज न वापरताही घाम फुटणार. एसी २५-२६ वर ठेवा आणि ड्राय मोड असेल तर तो लावा. आपल्याला गारवा कमी आणि कोरडेपणा जास्त हवा आहे. गाडीतही तेच: एसी चालू, पण झोत खोक्यावर नको, आणि खोकं मागच्या सीटवर नाही तर खाली पाय ठेवायच्या सपाट जागेत. घोडबंदरवरून कापूरबावडी, मग ऐरोली पूल किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशी, हा प्रवास पावसात कितीही लांबू शकतो. मधल्या खड्ड्यांचा हिशोब धरून अक्षरं आणि जाळी जाड नोझलने काढा. पहिल्या नंबरच्या बारीक नोझलने काढलेल्या कमानी लांबच्या प्रवासाला मी लावत नाही.

रंग ओघळण्याचं एक वेगळं कारणही आहे. लाल, काळा, गडद निळा या रंगांसाठी जेल, म्हणजे खाण्याचा दाट रंग, भरपूर घालावं लागतं आणि आयसिंग पूर्ण वाळलेली नसेल तर हेच रंग सर्वांत आधी पसरतात. अक्षरं थेट केकवर काढण्याऐवजी दोन दिवस आधी बटर पेपरवर काढून खडखडीत वाळवा आणि मग चिकटवा. गडद रंग मिळवायचा असेल तर आयसिंग आदल्या दिवशी कालवून ठेवा, रात्रभरात रंग आपोआप गडद होतो आणि जेल कमी लागतं. चॉकलेटसाठीचे तेलातले रंग यात घालू नका, तेलाने रॉयल आयसिंगचा फेस बसतो. याच कारणासाठी भांडं आणि बीटर तुपाच्या हाताचा नको. फाँडंटवर काम करत असाल तर ओघळण्याचा धोका दुप्पट, कारण फ्रिजमधून काढलेलं फाँडंटही वरून चिकट होतं आणि तेच पाणी नक्षीत शिरतं.

पावसाळ्यात फुलं वाळतच नाहीत, ही तक्रार दरवर्षी येते. ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावा आणि फुलांचा ट्रे रात्रभर आत ठेवा. दिव्याची ऊब पुरते. टेबल फॅनचा झोतही चालतो, छताचा पंखा धूळ खाली आणतो. वाळलेली फुलं स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, उजेडापासून लांब ठेवा. गुलाबी आणि जांभळा रंग उजेडात फिका पडतो. बाहेर ठेवायचं म्हटलं की मुंग्या येणारच. केकचा स्टँड पाणी भरलेल्या परातीत मधोमध ठेवा, पाणी केकपासून वीतभर लांब राहील अशी परात घ्या. मुंग्यांचा खडू केकच्या टेबलावर ओढू नका. तो कीटकनाशक आहे.

बिनअंड्याचं विचारलंत म्हणून सांगते. बिनअंड्याच्या रॉयल आयसिंगसाठी तयार मिश्रणं मिळतात. पुण्याच्या केक कलाकार प्राची धबल देब यांनी अशाच आयसिंगमध्ये मिलानच्या कॅथेड्रलची १०० किलोची प्रतिकृती उभी केली, तेव्हा ताकदीची शंका मनात ठेवू नका. घरी छोल्यांच्या उकळलेल्या पाण्यातही ती फेटता येते, पण वाळायला वेळ जास्त लागतो आणि दमट दिवसात मी तो प्रयोग ऑर्डरीवर करणार नाही. ज्या घरात अंडं चालतं तिथेही मुलांच्या केकसाठी कच्चा पांढरा बलक वापरू नका, मेरिंग पावडर वापरा.

डिसेंबरची गोष्टच निराळी. त्या महिन्यात दुपारी हवा ३२ अंश आणि आर्द्रता ४० टक्क्यांवर आली की दवबिंदू १७ पर्यंत उतरतो, आणि आयसिंग तासाभरात कवच धरते. ठाण्यात मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या आसपासच्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, घरांत लग्नाचा किंवा नाताळचा केक म्हणजे सुकामेव्याचा केक, त्यावर मार्झिपान, म्हणजे बदामाच्या किंवा काजूच्या पुडीचा आणि साखरेचा लाटलेला थर, आणि वर रॉयल आयसिंग. त्या केकला फ्रिज दाखवायचाही नाही. मार्झिपान लावल्यावर दोन-तीन दिवस ते वाळू द्यायचं, नाहीतर त्याचं तेल वर येऊन पांढऱ्या आयसिंगवर पिवळे डाग पडतात. आयसिंग झाल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या कपाटात. हवाबंद डब्यात ठेवला तर केकचाच ओलावा बाहेर जायला वाट मिळत नाही आणि आयसिंग आतून मऊ पडते. वरचा मजला पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवायचा असेल तर आयसिंग उतरवून, केक बटर पेपरमध्ये आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, सणाच्या वेळी नवी आयसिंग करा. फॉइल थेट लावू नका, सुकामेव्याच्या आंबटपणाने त्याला भोकं पडतात.

आणि घाम फुटलाच तर? हात लावू नका, टिश्यूने टिपू नका. केक कोरड्या एसीच्या खोलीत ठेवून लांबून पंख्याचा झोत द्या. पाणी उडून जातं, चकाकी थोडी जाते, आकार बहुतेक वेळा राहतो. रंग ओघळला असेल तर तो परत जागेवर जात नाही. पातळ पात्याने खरवडून काढा आणि त्या जागी वाळलेलं जास्तीचं फूल बसवा. म्हणून फुलं नेहमी लागतील त्यापेक्षा पाच-सहा जास्त करायची.

तुमच्या साखरपुड्याच्या केकसाठी मी असं करेन. बिनअंड्याचा तेलाचा चॉकलेट स्पंज, आत-बाहेर दोनास एक डार्क गनाश, वर फाँडंटचा पातळ थर. फुलं आणि दोघांची नावं आठवडाभर आधी करून डब्यात. गडद लाल टाळा, नाइलाज असेल तर त्याखाली पांढऱ्या आयसिंगची जाड रेघ आधी वाळवून घ्या आणि लाल तिच्यावर काढा. आदल्या दिवशी दोन्ही मजले वेगवेगळ्या खोक्यांत, २५ अंशांच्या खोलीत, फ्रिजबाहेर. वाशीला पोचल्यावर जुळवणी हॉलमध्येच करा, स्वयंपाकघराच्या दाराजवळ नको, तिथे वाफ असते. टेबल एसीच्या झोताखाली असेल तर ते हलवायला सांगा, पार्टीत लोक दारं उघडी ठेवतात आणि झोताने गार झालेल्या केकवर बाहेरची दमट हवा येते. नावं आणि फुलं तिथेच लावा. चिकटवायला ताज्या आयसिंगची छोटी पिशवी लागेल, ती ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. टोक उघडं राहिलं तर वाशीला पोचेपर्यंत ते वाळून बंद झालेलं असेल. एक टाचणी जवळ ठेवा.